उमेदवारी आणि शाळा : सांधा की नुसता शेजार?

'कमवा आणि शिका' हे शब्द मराठी शिक्षकाला नवे नाहीत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे हाताने काम करून शिकणाऱ्या मुलांच्या पिढ्या तिथून बाहेर पडल्या. मात्र त्या योजनेत काम आणि शिक्षण यांचे नाते काय होते, हे नीट पाहिले पाहिजे. कामामुळे शिक्षणाचा खर्च भागत असे, स्वावलंबनाची सवय लागत असे आणि श्रमाची लाज जात असे. पण शेतात राबणारा विद्यार्थी वर्गात शिके ते गणित, इतिहास, भाषा. शेतातले काम हा त्याच्या परीक्षेचा विषय नव्हता.

उमेदवारीत हे नाते बदलते. तिथे काम हाच अभ्यास असतो. सुताराच्या, गवंड्याच्या किंवा वीजतंत्रीच्या हाताखाली राहून मुलगा काम शिकतो, त्याबद्दल त्याला थोडे वेतनही मिळते. मग अशी पगारी उमेदवारी आणि माध्यमिक शाळेचा अभ्यास या दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच विद्यार्थ्याला करता येतील का? ऑस्ट्रेलियाने गेली पंचवीसहून अधिक वर्षे हा प्रयोग केला आहे. तो आपण तपासून पाहावा असे आम्हाला वाटते. आपल्याकडेही २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांजवळ उमेदवारी करावी असे सुचवले आहे, आणि बारावीपर्यंत अशा संधी द्याव्यात असेही म्हटले आहे. त्यामुळे उद्या हा प्रश्न शिक्षकांच्या खोलीत येणारच आहे.

योजना कशी आहे?

ऑस्ट्रेलियातील शालेय उमेदवारी साधारणपणे दहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी असते. विद्यार्थी आणि मालक यांच्यात प्रशिक्षणाचा करार होतो. विद्यार्थी अठरा वर्षांखालील असेल तर पालकही सही करतात, आणि कराराची सरकारदरबारी नोंद होते. विद्यार्थी आठवड्यातील काही वेळ कामावर, काही वेळ नोंदणीकृत प्रशिक्षण संस्थेत आणि उरलेला वेळ शाळेत घालवतो. तासांचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. क्वीन्सलँडमध्ये वर्षाला किमान ३७५ तास, म्हणजे सुमारे ५० दिवस, पगारी काम झालेच पाहिजे. वीजविषयक व्यवसायांसाठी हीच मर्यादा ६०० तास, म्हणजे ८० दिवस आहे. व्हिक्टोरियात आठवड्याला सरासरी किमान १३ तास धरतात : ७ कामाचे, ६ प्रशिक्षणाचे. शिवाय तिथे शाळेच्या चालू आठवड्यातील निदान एक दिवस वेळापत्रकातच काम किंवा प्रशिक्षण यासाठी राखून ठेवावा लागतो.

ही उमेदवारी शालान्त प्रमाणपत्रातही मोजली जाते. क्वीन्सलँडच्या प्रमाणपत्राला २० श्रेयांक लागतात. उमेदवारीत मिळवलेले काही श्रेयांक त्यात धरले जातात.

जमेच्या बाजू

टीका करण्यापूर्वी चांगले ते मान्य केले पाहिजे. पहिली गोष्ट म्हणजे येथे मुलाच्या श्रमाला दाम आहे. उद्योगवार ठरलेल्या वेतननियमांत शालेय उमेदवारासाठी स्वतंत्र तरतूद आहे. त्याने जितके तास प्रत्यक्ष काम केले असेल, त्याच्या पंचवीस टक्के तासांचा पगार त्याला वर्गातील प्रशिक्षणासाठी जादा मिळतो. म्हणजे शिकण्याचा वेळ हाही कामाचाच भाग आहे, असे वेतनाच्या नियमानेच मान्य केले आहे. फुकटच्या राबणुकीला 'अनुभव' म्हणण्याची रीत आपल्याला चांगली ठाऊक आहे. तिच्या मानाने हे पाऊल बरेच पुढचे आहे.

दुसरी गोष्ट, शाळेला कंटाळलेल्या मुलासमोर 'शाळा सोड किंवा कसाबसा बारावी हो' एवढे दोनच मार्ग राहत नाहीत. आणि तिसरी, व्हिक्टोरियाचा तो एक दिवसाचा नियम. तो नसेल तर मुलगा आठवडाभर शाळेत बसेल, रात्री आणि सुट्टीत काम करील, आणि त्यालाच 'शालेय उमेदवारी' असे नाव मिळेल. वेळापत्रकात दिवस राखल्यामुळे शाळेला निदान आपली जागा थोडी सोडावी लागते.

तासांचा हिशेब

आता अडचणींकडे वळू. त्याच वेतननियमांत आणखी एक कलम आहे. शालेय उमेदवाराची दोन वर्षे भरली म्हणजे वेतनश्रेणीत त्याचे एक वर्ष पुढे सरकते. दोनास एक हे प्रमाण कंजूषपणाचे वाटेल, पण वर दिलेल्या तासांशी ताडून पाहिले तर ते उदारच ठरते. वर्षाला ५० दिवस म्हणजे दोन वर्षांत १०० दिवस. पूर्णवेळ उमेदवार एका वर्षातच याच्या दुपटीहून अधिक दिवस कामावर असतो. तीन-चार वर्षांच्या उमेदवारीतला फारच लहान तुकडा शाळेत असताना पुरा होऊ शकतो. म्हणजे बारावीच्या अखेरीस विद्यार्थ्याच्या हाती येते ती कारागिरी नव्हे. ती कारागिरीची सुरुवात आहे. योजनेची जाहिरात करताना ही गोष्ट पालकांना स्पष्ट सांगितली पाहिजे.

पण तास कमी आहेत ही आमची मुख्य तक्रार नाही. थोड्या तासांतही पुष्कळ शिकता येते. त्या तासांचा शाळेशी संबंध काय, हा खरा प्रश्न आहे. क्वीन्सलँडमध्ये शाळा, मालक, प्रशिक्षण संस्था आणि विद्यार्थी यांना मिळून शिक्षण, प्रशिक्षण व नोकरी यांचे एकत्र वेळापत्रक मान्य करावे लागते. हे आवश्यकच आहे. पण यात शाळेला मुख्यतः कोणती गोष्ट विचारली जाते? मुलगा कोणत्या दिवशी वर्गात नसेल, ही. तो त्या दिवशी काय शिकेल आणि त्याचा आपल्या विज्ञानाच्या तासाशी काय संबंध लावता येईल, हे विचारण्याची सक्ती कोणावर नाही. शाळा रजा मंजूर करते आणि बुडालेले धडे भरून काढायला सांगते. याला आम्ही शेजार म्हणतो. दोन फळ्या एकमेकींना टेकवून ठेवल्या म्हणजे सांधा होत नाही.

एका तारेचे उदाहरण

सांधा म्हणजे काय, हे विज्ञान शिक्षकाला परिचित अशा उदाहरणाने पाहू. समजा, वीजतंत्र्याकडे उमेदवारी करणाऱ्या विद्यार्थ्याला घरापासून ३० मीटर दूरच्या शेडमध्ये १६ अँपिअरचा भार चालवणारी तार टाकायची आहे. पुरवठा २३० व्होल्टचा आहे. तार १.५ चौरस मिलिमीटरची घ्यावी की २.५ ची?

एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध खोलीच्या तापमानाला सुमारे ०.०१७ ओहम असतो. विद्युतधारा जाऊन परत येते, म्हणून लांबी ६० मीटर धरायची. १.५ च्या तारेचा रोध येतो ०.६८ ओहम. १६ अँपिअरने गुणले की विभवांतरातील घट सुमारे १०.९ व्होल्ट, म्हणजे ४.७ टक्के. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या वायरिंग नियमांनुसार पुरवठ्याच्या जागेपासून शेवटच्या टोकापर्यंतची एकूण घट ५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. पाठ्यपुस्तकाच्या हिशेबाने बारीक तार उत्तीर्ण झाली.

पण तार भाराखाली तापते. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो. तार २० अंशांवरून ७० अंशांवर गेली तर रोध वीस टक्क्यांनी वाढेल, घट सुमारे १३ व्होल्ट होईल, आणि टक्केवारी ५.७ वर जाईल. बारीक तार नापास झाली. शिवाय त्या तारेत सुमारे २०० वॉट उष्णता वाया जाईल. २.५ ची तार घेतली तर तापल्यानंतरही घट साडेतीन टक्क्यांच्या आत राहते.

ओहमचा नियम, रोधकता, तापमानाचा परिणाम आणि विजेपासून निर्माण होणारी उष्णता असे चार धडे या एका तारेत एकत्र आले आहेत. शिवाय पाठ्यपुस्तकातील उत्तर प्रत्यक्षात का पुरत नाही, हा पाचवा धडाही त्यात आहे. आता हे शिक्षण वाटले कसे जाते ते पाहा. शाळेत ओहमचा नियम शिकवतात. प्रशिक्षण संस्थेत तारेची निवड शिकवतात. कामावर मिस्त्री सांगतो, "एवढ्या लांब जाड तारच घालायची." तीन ठिकाणी तीन तुकडे, आणि ते जोडण्याचे काम ज्याला सर्वांत कमी अनुभव आहे त्या सोळा वर्षांच्या मुलावर सोपवलेले. हुशार मुलगा जोडील. बाकीचे तीन वेगवेगळ्या परीक्षा देतील.

ऑस्ट्रेलियातील व्यवसाय प्रशिक्षण 'क्षमते'वर आधारलेले आहे. कामांची यादी असते आणि प्रत्येक कामापुढे 'येते' किंवा 'अजून येत नाही' अशी नोंद होते. लीसा व्हीलाहान या अभ्यासिकेने २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात या पद्धतीवर गंभीर आक्षेप घेतला आहे. अशा याद्यांमुळे ज्ञानाचे तुकडे कामापुरते हाती येतात, पण ते ज्या शास्त्रात गुंफलेले आहेत त्या शास्त्राचे दार कामकऱ्यांच्या मुलांना बंद राहते, असे त्यांच्या म्हणण्याचे सार आहे. हा आक्षेप आम्हाला योग्य वाटतो. मात्र त्यावरून 'म्हणून शास्त्र वर्गातच शिकवा' असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. वरील तार हे शास्त्राचे उत्तम दार आहे. ते उघडायला शिक्षक तिथे हवा, किंवा ती तार निदान वर्गात आली पाहिजे.

कोणती कामे, कोणाची मुले?

दुसरा आक्षेप कामाच्या प्रकाराबद्दल आहे. शालेय उमेदवारी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लेथ, रंधा, विजेचा फलक येतो. ऑस्ट्रेलियात या योजनेखाली उमेदवारीबरोबर एक-दोन वर्षांची अल्पमुदतीची प्रशिक्षणेही येतात, आणि शाळकरी मुलांचा मोठा भरणा त्यांत, विशेषतः दुकानातील विक्री आणि खाद्यपदार्थांच्या सेवेत राहिला आहे. ही कामे हलकी आहेत असे आम्ही म्हणत नाही. गिऱ्हाइकाशी बोलणे, हिशेब, स्वच्छता यांतही शिकण्यासारखे आहे. पण जे काम काही आठवड्यांत अंगवळणी पडते त्यासाठी दोन वर्षांचा करार केला, तर उरलेल्या महिन्यांत कोण कोणाला शिकवत असते? तेव्हा ती उमेदवारी राहत नाही. ती प्रमाणपत्र जोडलेली अर्धवेळ नोकरी होते.

आणि ही मुले असतात कोणाची? जॉन पोलेसेल यांनी २००८ साली ऑस्ट्रेलियातील शालेय व्यवसाय शिक्षणावर लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकातच हा प्रश्न केला आहे : हे अभ्यासक्रमाचे लोकशाहीकरण आहे की गरिबांच्या मुलांचे प्रशिक्षण? आपल्याकडील शिक्षकांना हा प्रश्न परका वाटणार नाही. 'याला अभ्यास झेपत नाही, हाताचे काम शिकू दे' हे वाक्य कोणत्या वस्तीतील मुलाबद्दल जास्त वेळा उच्चारले जाते, याचा प्रत्येकाने आपल्या शाळेपुरता विचार करावा.

स्वित्झर्लंडची रीत

सांधा घालणे शक्य आहे का? त्यासाठी स्वित्झर्लंडकडे पाहावे. तिथे सक्तीचे शिक्षण संपल्यावर, पंधराव्या-सोळाव्या वर्षी, सुमारे दोन तृतीयांश मुले व्यवसाय शिक्षणाकडे जातात. बहुतेकांचे तीन-चार दिवस कामावर आणि एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत जातात. पण याखेरीज तिसरी जागाही आहे. एकाच व्यवसायातील अनेक मालकांच्या उमेदवारांसाठी चालणारे सामायिक अभ्यासवर्ग तिथे भरतात. एखाद्या लहान कारखान्यात एकाच प्रकारचे काम होत असेल, तर मुलाच्या शिक्षणातील ती उणीव येथे भरून निघते. प्रत्येक व्यवसायाचा आराखडा देशभर एक असतो. कामावर शिकवणाऱ्या मिस्त्रीलाही मुलांना कसे शिकवावे याचा किमान ४० तासांचा वर्ग पुरा करावा लागतो. व्यवसाय शाळेत भाषा आणि समाज हे विषय सोडून दिलेले नाहीत. आणि नव्वदच्या दशकात तिथे व्यावसायिक पदवीपूर्व प्रमाणपत्र सुरू झाले. त्यामुळे उमेदवारीतून उपयोजित विज्ञानाच्या विद्यापीठात जाण्याचा मार्ग खुला झाला.

स्वित्झर्लंडचे सगळेच आलबेल आहे असे मात्र नाही. हनुशेक, व्होसमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनेक देशांतील कामगारांची तुलना केली. व्यवसाय शिक्षण घेतलेल्यांना सुरुवातीला नोकरी लवकर मिळते, पण वय वाढेल तसा हा फायदा कमी होतो आणि पुढे सामान्य शिक्षण घेतलेले वरचढ ठरतात, असे त्यांना आढळले. उमेदवारीचा जोर असलेल्या देशांत हा परिणाम अधिक ठळक होता. याचे एक स्पष्टीकरण असे की तंत्र बदलते. विशिष्ट यंत्रावर बसलेला हात नव्या यंत्रापुढे अडखळतो, आणि त्या वेळी उपयोगी पडते ते मुळातले गणित आणि विज्ञान. म्हणजे शाळेचा वाटा कापून उमेदवारी वाढवली तर तोटा आज दिसणार नाही. तो चाळिशी-पन्नाशीत दिसेल, आणि तेव्हा त्याचा जाब विचारायला कोणी शाळेत येणार नाही.

आपण काय घ्यावे?

आपल्याकडे शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ सालचा आहे. त्यात उमेदवाराचे किमान वय १४ आहे आणि विद्यावेतनाची तरतूद आहे. पण तो कायदा मालक आणि उमेदवार यांच्यातील आहे. माध्यमिक शाळा त्यात पक्षकार नाही. दुसरीकडे, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून आठवी ते दहावीसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा अभ्यासक्रम पुढे आला. आठवड्यातून एक दिवस मुले कार्यशाळा, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य या चार क्षेत्रांत प्रत्यक्ष काम करतात, आणि गावातील कुशल माणसे त्यांना शिकवतात. ही पगारी उमेदवारी नव्हे. पण ऑस्ट्रेलियाच्या योजनेत जे हरवले ते येथे आहे. काम शाळेच्या हातात आहे, आणि म्हणून 'असे का होते?' हा प्रश्न विचारण्याची जागा शिल्लक आहे. दोन्हीकडे आठवड्याचा एक दिवसच आहे, पण त्या दिवसाची मालकी वेगळी आहे.

शाळेने उमेदवारीची कोणतीही योजना स्वीकारण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत असे आम्ही सुचवतो. कामाच्या जागी मुलगा या महिन्यात काय शिकणार, हे शाळेला लेखी माहीत आहे का? तिथले एक तरी काम वर्गात परत येऊन गणिताचे किंवा विज्ञानाचे उदाहरण बनते का? आणि मुलाने मध्येच उमेदवारी सोडली, तर त्याला पुढील शिक्षणाची सर्व दारे पूर्वीइतकीच उघडी राहतात का? ऑस्ट्रेलियात व्यवसाय उमेदवारी सुरू करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मेच ती पुरी करतात. तेव्हा हा तिसरा प्रश्न अपवादासाठी नाही.

सहावी ते आठवीच्या दहा दिवसांबाबत आणखी एक दक्षता हवी. ती मुले बहुतेक चौदा वर्षांखालील असतात, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर आपला कायदा या वयाच्या मुलांना कामाला लावण्याची मनाई करतो. त्या दहा दिवसांत मुलांनी पाहावे, हाताळावे, मोजावे, विचारावे. कोणाच्या मालाचे उत्पादन त्यांच्या हातून काढून घेतले जाऊ नये.

विज्ञान शिक्षकाला धोरणाची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या वर्गात सुट्टीत वायरिंगला, गॅरेजमध्ये किंवा बांधकामावर जाणारी मुले आजही आहेत. त्यांना तारेची जाडी, स्पॅनरची लांबी, सिमेंट-वाळूचे प्रमाण विचारावे आणि तोच आकडा फळ्यावर घ्यावा. वेतन, करार, श्रेयांक या गोष्टी सरकारने ठरवायच्या आहेत. काम आणि शास्त्र यांचा सांधा मात्र वर्गातच घालावा लागतो, आणि तो शिक्षकाशिवाय दुसरे कोणी घालणार नाही.